नऊशेवा फटका

२० ऑक्टोबर, रविवार

चार वेळा बॅट घेऊन गेला, चार वेळा तसाच परत आला. बेसबॉलच्या हंगामाचा पहिला सामना. आपण सात धावांनी हरलो आणि वेन्सेस्लाओ मोताचा आकडा होता तिथेच राहिला – आठशे एकोणनव्वद फटके.

नऊशेला अकरा कमी. वय एक्केचाळीस. डावा गुडघा त्याहून दहा वर्षांनी मोठा.

गावात त्याला नावाने कुणी हाक मारत नाही. 'जहाज' म्हणतात. एकोणिसाव्या वर्षी तो तिसऱ्या बेसवर उभा राहिला की वारासुद्धा विचारून पलीकडे जायचा. आता चेंडू शेजारून जातो आणि हा धक्क्याला बांधल्यासारखा त्याच्याकडे बघत राहतो. आज मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "जहाज, नांगर उचल की रे!" सगळे हसले. तोही हसला. मी माझ्या लाकडी खोक्यात हसले नाही. गुणलेखकाने हसायचं नसतं, असं बाबा सांगत.

सामन्यानंतर प्रशिक्षक रिंकोन रेडिओवर म्हणाला, "अनुभव बाजारात मिळत नाही." आमच्या संघात तो भरपूर आहे – चार जण अडतीसच्या पलीकडचे. बर्फवाला रोज सहा लाद्या आणून टाकतो, सगळ्या गुडघ्यांसाठी. संघाचं नाव 'मनाती'. समुद्रातल्या त्या लठ्ठ, संथ, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या जनावराचं नाव ज्याने संघाला दिलं, त्याला पुढचं दिसत असावं.

२३ ऑक्टोबर

शून्य. "ऊन डोळ्यांवर येतं," जहाज म्हणालं. मैदानाचे दिवे दोन वर्षं दुरुस्तीत आहेत, म्हणून घरचे सामने दुपारी चारला. दिवे आले की काय म्हणणार, कोण जाणे.

२६ ऑक्टोबर, शनिवार

आज शाळा नाही. मुलींच्या गणिताच्या वह्या तपासायच्या होत्या, त्या घेऊन मागच्या मैदानावर गेले. तिथे सकाळी दहाला राखीव संघ खेळतो. प्रेक्षक तीन – मी, कॉफीवाली, आणि कुंपणाशी बांधलेली बकरी.

योहेन्द्री फेलीस नावाचा मुलगा आहे. वीस वर्षांचा, उसाच्या मळ्यातल्या वस्तीवरचा. तिसऱ्या बेसवरच खेळतो. आज पाच वेळा बॅट घेतली, चार फटके. चारही असे, की त्यात मत द्यायला जागाच नाही. चेंडू कुंपणावर आदळला तेव्हा बकरी उठून उभी राहिली.

कॉफीवाली म्हणाली, "हा वर का खेळत नाही हो, नूरिसबाई?"

"वर जागा नाही."

"जहाज हलल्याशिवाय धक्का मोकळा व्हायचा नाही, असंच ना?"

खरं तर योहेन्द्रीला थांबायला वेळ नाही. अमेरिकेतल्या ज्या क्लबने त्याला सोळाव्या वर्षी घेतलं, त्यांचा माणूस वीस डिसेंबरपर्यंत गावात आहे. मोठ्या संघातून खेळलेला दिसला, नावापुढे एखादा फटका पडला, तर ठेवतील. नाहीतर पत्र येईल. पत्र आलं की सिमेंटचा कारखाना. त्याचे दोन भाऊ तिथेच गोणी उचलतात. हे त्याने मला सांगितलं नाही, कॉफीवालीने सांगितलं. तो फक्त "गुड मॉर्निंग, बाई" म्हणाला आणि माझ्या पेन्सिलीकडे बघत राहिला.

२९ ऑक्टोबर

मालक आमाब्ले उंग्रिया यांनी पुतळा करायला टाकला आहे. जहाजाचा. कारखाना त्यांचाच, तेव्हा पुतळाही सिमेंटचा. चौथऱ्यावर '९००' हा आकडा सप्टेंबरमध्येच ओतून घेतला, म्हणे.

"साहेब, अजून व्हायचेत," मी म्हटलं.

"बाई, सिमेंटला वाळायला वेळ लागतो," साहेब म्हणाले.

३ नोव्हेंबर, रविवार

लिहून टाकते. नाहीतर झोप लागणार नाही.

पाचव्या डावात जहाजाने मारलेला चेंडू जमिनीवरून घरंगळत गेला. पाहुण्यांचा क्षेत्ररक्षक वाटेतच उभा होता. चेंडू हातमोज्यात गेला, हातमोज्यातून बाहेर आला, त्याने तो शोधला, आणि तेवढ्यात जहाज पहिल्या बेसवर पोचलं – धापा टाकत, पण पोचलं.

माझ्या समोर दोन बटणं असतात. हिरवं म्हणजे फटका: तो खेळणाऱ्याच्या नावावर. लाल म्हणजे समोरच्याची चूक: मग खेळणारा बेसवर उभा असला तरी त्याच्या नावावर काही नाही. कसं ठरवायचं, तर नियमात दोनच शब्द आहेत – साधारण प्रयत्न. साधारण प्रयत्नात तो चेंडू अडला असता का? अडला असता, तर लाल. बाबांनी एकतीस वर्षं त्या खोक्यात बसून हेच दोन शब्द वापरले. माझं हे पंधरावं वर्ष.

तो चेंडू आमच्या कॉफीवालीनेही अडवला असता.

मी हिरवं दाबलं.

आठशे नव्वद. लोक उभे राहिले. जहाजाने टोपी काढली, आणि वर, माझ्या खोक्याकडे पाहिलं. लांबून चेहरा दिसत नाही.

घरी आले तर आई ओसरीवर रेडिओ मांडीत घेऊन बसलेली. म्हणाली, "हातातून सुटला ना तो चेंडू?"

"उसळला होता."

"अगं, मला डोळ्यांनी दिसत नाही, कानांनी दिसतं. निवेदक 'अरेरे' म्हणाला. उसळल्यावर कुणी अरेरे म्हणत नाही."

चोवीस तासांत निर्णय बदलता येतो. नुसता फोन करायचा. बाबा अभिमानाने सांगत, एकतीस वर्षांत एकदाही बदलला नाही.

४ नोव्हेंबर

पाच वाजून गेले. फोन केला नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

साहेबांच्या कचेरीत बैठक होती. आकडे घेऊन मलाही बोलावलं. सहा संघांत आपण सहावे. साहेब, रिंकोन आणि मी. मध्ये पुतळ्याचा छोटा नमुना. मूर्तिकार आयुष्यभर कबरींवरचे देवदूत घडवत आला आहे. त्यामुळे जहाजाने बॅट मेणबत्तीसारखी धरली आहे आणि नजर वर स्वर्गाकडे. पोट नाही.

मी म्हटलं, "मागच्या मैदानावर एक मुलगा आहे. दर दहा वेळी चार फटके."

रिंकोन म्हणाला, "कच्चा आहे."

"किती कच्चा?"

"वीस वर्षांचा."

"जहाज एकोणिसाव्या वर्षी खेळलं होतं."

"ती गोष्ट वेगळी. त्याच्याकडे तेव्हाच अनुभव होता."

मी वहीत बघत राहिले. हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळेना.

शेवटी ठरलं: जहाजाचे नऊशे झाले की दुसऱ्या दिवसापासून योहेन्द्री. आधी नाही. साहेब म्हणाले, "बाई, लवकर होऊ द्या म्हणजे झालं." आणि माझ्याकडे बघून हसले. मारायचे जहाजाने, आणि बघतात माझ्याकडे!

११ नोव्हेंबर

आजूबाजूला कुणी नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. जहाज आमच्या घरी राहिलेलं आहे. बावीस वर्षांपूर्वी. वस्तीवरून नव्याने आलेल्या खेळाडूला गावात जागा मिळेपर्यंत कुणीतरी ठेवून घ्यायचं, ही इथली जुनी रीत. बाबांनी त्याला मागची खोली दिली. तो एकोणीस, मी चोवीस. लोक सही मागायला लागले तेव्हा त्याला सही येत नव्हती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी शिकवली. 'मोता'तला म मी काढते तसा काढतो, अजून. आमचा म गावभर टोप्यांवर आणि चेंडूंवर फिरतो.

बाबा गेले तेव्हा पेटीला पहिला खांदा त्याचा होता. गुडघा दुखत असताना.

यातलं काहीही साधारण प्रयत्नात बसत नाही.

१७ नोव्हेंबर

आठशे त्र्याण्णव. या आठवड्यात एक खरा, एक माझा, एक बाहेरगावचा. बाहेरगावचा कसा, तर जहाज बॅट घेऊन आलं तसा त्यांच्या तिसऱ्या बेसवरच्याने बुटाची नाडी बांधायला घेतली. आता कुणालाच पुतळ्याच्या वाटेत उभं राहायचं नाही. पलीकडचे गोलंदाज त्याला चेंडू टाकतात ते आजीला खुर्ची द्यावी तसे – हळूच आणि अदबीने. तरी निम्मे चुकतात.

रेडिओवर रिंकोन: "बघा, अनुभव बोलतोय."

अनुभव काही बोलत नाही. मी बटण दाबते.

२३ नोव्हेंबर, शनिवार

मागचं मैदान. योहेन्द्रीचे तीन. बकरी आता उठत नाही, तिला सवय झाली.

विश्रांतीत माझ्याजवळ येऊन बसला. "बाई, जहाजदादांचे किती झाले?"

"आठशे चौऱ्याण्णव."

"म्हणजे सहा." बोटांवर आठवडे मोजले. "होतील ना वीस तारखेआधी?"

"तुझं काय म्हणणं?"

"मी रोज मेणबत्ती लावतो त्यांच्यासाठी." मग बुटावरची माती झटकत, "आई म्हणते, स्वार्थी मेणबत्ती पोचत नाही."

म्हणजे आता असं झालं आहे – म्हाताऱ्याच्या जागेवर डोळा असलेला मुलगाच त्याच्या फटक्यांसाठी प्रार्थना करतो. आणि मी स्वतःला सांगते, मी हिरवं दाबते ते जहाजासाठी नाहीच, या मुलासाठी. किती सोयीचं कारण. दोन्ही बाजूंनी बसतं.

१ डिसेंबर

आठशे शहाण्णव. माझे त्यातले तीन.

शाळेत परवा सातवीतल्या एका मुलीने उत्तरपत्रिकेत आधी उत्तर लिहिलं होतं आणि मग वर रीत जुळवली होती. मी शून्य दिलं. ती म्हणाली, "पण बाई, उत्तर बरोबर आहे ना?"

४ डिसेंबर

आज जहाज घसरलं. पहिल्या बेसपर्यंत पोचायच्या आत, वाटेत काही नसताना. लोक हसले नाहीत. ते जास्त वाईट होतं.

८ डिसेंबर, रविवार

आठशे अठ्ठ्याण्णव. एक खरा, सुंदर – जुनं जहाज एक क्षण दिसलं. एक माझा. चौथा.

आई जेवताना म्हणाली, "तुझे वडील असते तर."

"तर काय?"

"काही नाही. भात घे."

१२ डिसेंबर

बाहेरगावी एक. आठशे नव्याण्णव. साहेबांनी बँडवाले ठरवले. महापौर येणार. अमेरिकन क्लबचा माणूसही येणार. त्याला फुकटचं पेय कुठे मिळतं ते बरोबर कळतं. सामना तो बघतच नाही – अधूनमधून मान वर करून फळ्यावरचे आकडे टिपून घेतो, पुन्हा मोबाइल.

१५ डिसेंबर, रविवार

झाले. नऊशे.

सातवा डाव. चेंडू सरळ तिसऱ्या बेसवरच्याकडे गेला. बिचारा घाबरला असणार. नाडी बांधायलाही वेळ मिळाला नाही. नाइलाजाने चेंडू अडवला आणि पहिल्या बेसकडे असा फेकला, की तो तिथल्या माणसाच्या डोक्यावरून बँडवाल्यांत जाऊन पडला. ढोलावर. सगळ्यांनी ऐकलं.

यात ठरवायचं काय होतं? लाल. डोळे मिटून लाल.

सगळं मैदान वळून माझ्या खोक्याकडे बघायला लागलं. फोन वाजला. साहेब: "बाई, सिमेंट वाळलंय हं."

हिरवं.

फटाके. पुतळ्यावरची चादर ओढली. देवदूत! कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर महापौरांसारखा दिसतो," आणि महापौर खूश झाले. जहाज पुतळ्याशेजारी उभं राहिलं, फोटोसाठी. पुतळा हसत होता.

जहाजाने एकदाही वर बघितलं नाही.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी आठला तो दारात. आईने कच्ची केळी उकडून, कुस्करून मांगू केला होता, वर कांदा परतून. न विचारता टेबलावर बसला, त्याच्या जुन्या खुर्चीवर. खाऊन झाल्यावर बशी बाजूला सरकवली.

"चोवीस तास झाले नाहीत अजून," म्हणाला.

मी त्याच्यासमोर कॉफी ठेवली.

"नूरिता, तो चेंडू ढोलावर पडला. ढोलावर! बहिऱ्यालाही कळलं."

"तुझे नऊशे झालेत. संपलं ते."

"माझे नाही झाले. तुझे पाच आहेत त्यात. मी मोजलेत. चार गेले, त्यांची वेळ टळली. पाचवा परत घे."

"आणि पुतळा?"

"पुतळ्याला वाचता येतं का?"

आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. तिचे कान आमच्याकडे.

मी म्हटलं, "तुला वाईट वाटू नये म्हणून केलं रे."

"माहीत आहे. तेच तर." बोटाने बशीतला कांदा गोळा करत राहिला. "प्रेक्षक नांगर उचल म्हणाले, ते मी सोसलं. तू मात्र काहीच म्हणाली नाहीस. तू हिरवं दाबलंस. तेव्हा मला कळलं की मी म्हातारा झालो."

मग बाबांची गोष्ट काढली. त्याचा पहिला सामना, पहिलीच वेळ. चेंडू क्षेत्ररक्षकाच्या पायाला लागून बाजूला गेला, हा धावत बेसवर पोचला, आणि फळ्यावर लाल दिवा. "तुमच्याच घरात राहत होतो ना मी. वाटलं, फाबियोसाहेब घरच्या माणसाला एवढं तरी देतील. घरी येऊन भांडलो. ते म्हणाले, साधारण प्रयत्नात अडला असता. बस. पुढच्या सामन्यात मी असा मारला की कुणाला विचारायची गरज नाही. तो माझा पहिला. त्यांनी मला कधी एकही दिला नाही, म्हणून माझे आठशे माझे होते."

"पण वेन्से," मी म्हटलं, "बदलला तर तुझे आठशे नव्याण्णव होतील. रिंकोन तुला बुधवारी पुन्हा खेळवणार. शुक्रवारीही. योहेन्द्री बाहेरच राहील आणि वीस तारीख निघून जाईल. मी खोटं ठेवलं तर तो आत येतो. खरं केलं तर कारखान्यात जातो. सांग काय करू."

तो हसला. या हंगामात पहिल्यांदा नीट. "मी आलो ते बूट घालून का?"

खाली बघितलं. चपला.

"बूट त्या पोराला दिले पहाटे. एक नंबर मोठे होतात, बोळा घालेल. रिंकोनला पत्र दिलं. मी थांबलो, आठशे नव्याण्णववर. आता तेवढे नीट लिही." दारातून वळून, "आणि त्याला जागा मिळेपर्यंत मागची खोली द्या, आई. पोरगं वस्तीवरून रोज दोन तास येतं."

आई म्हणाली, "चादरी धुतलेल्याच आहेत." म्हणजे तिला आधीच माहीत होतं.

चार वाजून दहा मिनिटं. फोन केला.

१७ डिसेंबर

गावात आज माझ्याशी कुणी बोलत नाही. पाववालीने पाव दिला, पण पिशवीत न घालता. साहेबांचा फोन: "बाई, तुम्ही सिमेंटचा अपमान केलात."

संध्याकाळी मैदानावरून आले. चौथऱ्यासमोर गवंडी छिन्नी घेऊन उभा. नऊशेचं आठशे नव्याण्णव करायचं तर तिन्ही आकडे फोडावे लागतात, आणि चौथरा तेवढं सोसणार नाही, असं त्याचं म्हणणं. साहेबांनी तोडगा काढला. आकड्याच्या आधी एक शब्द कोरून घेतला. आता पुतळ्याखाली आहे:

सुमारे ९००.

योहेन्द्री दुपारी आला. एक पिशवी आणि ते बूट.

१८ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळ

तो खेळला. तिसऱ्या बेसवरून चेंडू अडवताना पाहिला आणि इतक्या दिवसांत मी विसरले होते की त्या जागेवर धावतातही.

पण बॅट हातात घेतली की चेंडू यायच्या आधीच फिरवत होता. चार वेळा गेला. पहिल्या वेळी, सव्वाचारला, चेंडू जमिनीवरून गेला आणि क्षेत्ररक्षकाच्या हाताला लागून निसटला. योहेन्द्री बेसवर उभा, तोंडभर हसत, वर माझ्याकडे बघत.

साधारण प्रयत्नात अडला असता. अगदी काठावर, पण अडला असता.

लाल.

मला वाटलं होतं अभिमान वाटेल. वाटला नाही. पुढच्या तिन्ही वेळी तो बाद. अमेरिकेच्या माणसाने मान वर केली, नावापुढचं शून्य टिपून घेतलं, मान खाली. शुक्रवारी सकाळच्या विमानाने जातो. उद्या सामना नाही.

घरी आल्यावर आईने ताट वाढलं. "भूक नाही," म्हणाला, आणि मागच्या खोलीत गेला. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी दाराबाहेरून सांगितलं, "जहाजदादाच्या पहिल्या वेळीही असंच झालं होतं. उद्या सकाळी बाबांची वही काढून दाखवते."

१९ डिसेंबर, सकाळ

कपाटाच्या तळाशी मिळाली. बावीस वर्षांपूर्वीची, कडा वाळवीने खाल्लेल्या. वेन्सेस्लाओ मोता, पहिला सामना, पहिली वेळ. रकान्यात चूक लिहिलेली नाही. चूक खोडरबरने घासून काढली आहे, इतकी की कागद पातळ झालाय, आणि त्यावर फटक्याची खूण. कडेला बाबांचं बारीक अक्षर: 'दुसऱ्या दिवशी, स. ९.१५. बदलला. पोरगं जेवलं नाही.'

बाबांनी जहाजालाही सांगितलं नाही. मलाही नाही.

आई मागे येऊन उभी राहिली. कागदावरून बोट फिरवलं, घासलेल्या जागी थांबलं. भात घे, असंही म्हणाली नाही.

मागच्या खोलीसमोर कालचं ताट तसंच झाकलेलं आहे. घड्याळात सव्वानऊ. सव्वाचारला अजून सात तास.